पाहुणी फौज आणि घरचा कारभार



मराठीच्या अध्यापकाने कझाकस्तानची वाट का धरावी, असे आपणांस वाटेल. परंतु पांढुर्णा-सौंसरहून निघालेली ती वाट देवगडच्या किल्ल्यावरून जाते, म्हणून मी ती धरली आहे.

आपला मुलूख देवगडच्या गोंड राज्यातला. राजा बख्त बुलंदने १६८६ साली औरंगजेबाकडून आपली गादी मान्य करून घेतली. ही झाली मुत्सद्देगिरी. तिने मिळालेल्या अवधीत त्याने बाहेरचे कष्टाळू शेतकरी वसविले, हिंदू-मुसलमान असा भेद न करता माणसे नेमली, आणि १७०२ च्या सुमारास नागपूरचा पाया घातला. पुढे १८२७ साली जेंकिन्ससारख्या इंग्रज अधिकाऱ्यानेही या कारभाराची वाखाणणी केली.

त्याचा पुत्र चांद सुलतान वारल्यावर वलीशाहाने गादी बळकावली. राणी रतनकुंवरने वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना बोलाविले. तिच्या मुलांना गादीवर बसवून, मोबदला घेऊन ते परतले. पण पुढे भाऊ भाऊ भांडले आणि पुन्हा बोलावणे गेले. १७४३ साली आलेल्या रघूजींनी मात्र सत्ता स्वतःकडेच ठेवली. बुऱ्हाणशाह नावापुरता राजा उरला. आपण मराठी माणसे हे पान मराठ्यांच्या विस्ताराचे म्हणून अभिमानाने वाचतो. देवगडच्या बाजूने मी ते फार उशिरा वाचले, याची मला खंत आहे.

कझाकस्तानलाही खुल्या महासागराचा किनारा नाही. रशिया आणि चीन हे त्याचे बलाढ्य शेजारी. तेल विपुल, पण निर्यातीचे बहुतेक तेल रशियातून जाणाऱ्या नळातून नोव्होरोसिस्क बंदरी पोहोचते. जानेवारी २०२२ मध्ये वाहनांच्या गॅसचे दर भडकले आणि झानाओझेन या तेलाच्याच गावातून असंतोष पेटला. राष्ट्राध्यक्ष तोकायेव यांनी रशियाप्रणीत संघटनेची फौज बोलाविली. ती दोन आठवड्यांच्या आत परतली. त्याच वर्षी जूनमध्ये घटनादुरुस्तीवर, तर २०२४ साली अणुवीज प्रकल्पावर लोकांचा कौल घेण्यात आला.

रघूजीही पहिल्या खेपेस परतले होते, हे येथे विसरता येत नाही. पाहुणी फौज एकदा परतली म्हणून निर्धास्त व्हावे, असे देवगडचा इतिहास सांगत नाही. तिला दुसरे बोलावणे जाऊ नये, इतपत घरचा कारभार सुधारला की नाही, हेच पाहावयाचे. तेल भूमीत आहे एवढ्याने भागत नाही. ते ज्या गावातून निघते, त्या गावाला गॅस परवडला पाहिजे.