मुंबई हायच्या विहिरीत उतरण्याआधी पाईपची किनाऱ्यावर काय तपासणी होते?

मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, भर समुद्रात मुंबई हाय हे तेलक्षेत्र आहे. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या रिगने तिथे तेल शोधलं आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. या विहिरींच्या सामानाचा मोठा तळ मात्र रायगड जिल्ह्यात आहे, ओएनजीसीचा न्हावा सप्लाय बेस. नागोठण्याजवळ सुकेळी इथे तर तेलविहिरींना लागणारे सीमलेस पाईप बनवणारा कारखानाही आहे.

केसिंग आणि ट्युबिंग म्हणजे काय?

विहिरीच्या भिंती ढासळू नयेत म्हणून आत पोलादी पाईप उतरवून त्याच्या बाहेरच्या पोकळीत सिमेंट भरतात. हे केसिंग. त्याच्या आतला बारीक पाईप म्हणजे ट्युबिंग, यातून तेल आणि वायू वर येतो.

एक केसिंग पाईप साधारण १२ मीटरचा असतो. म्हणजे २,५०० मीटरसाठी २०० हून जास्त पाईप आट्यांनी जोडावे लागतात. एकच जोड गळका निघाला, तरी सगळी विहीर धोक्यात येते.

जमिनीवर काय केलं जातं?

* मांडणी: पाईप जमिनीवर न टेकवता रॅकवर ठेवतात, थरांमध्ये लाकडी पट्ट्या घालतात.
* ओळख: रंगाच्या पट्ट्यांवरून ग्रेड कळते. जे-५५ ला हिरवी, एन-८० ला लाल, पी-११० ला पांढरी. आकडा जितका मोठा, तितकं पोलाद ताकदवान.
* आटे: टोपणं काढून जुनं ग्रीस धुतात. गंज, चीर किंवा ठेचलेला आटा दिसला तर पाईप बाजूला काढतात.
* ड्रिफ्ट: ठरलेल्या व्यासाचा दंडगोल पाईपमधून आरपार नेतात. तो अडकला तर पुढे ड्रिलिंगचं बिटही अडकणार. ९ ५/८ इंची केसिंगमधून सहसा ८ १/२ इंची बिट जातं, म्हणजे मोकळी जागा अगदी थोडी.
* मोजणी: प्रत्येक पाईपची लांबी वेगळी असते. दुसऱ्या पाईपमध्ये शिरणारा आट्यांचा भाग वगळून ती मोजतात आणि पाईपवर क्रमांक घालतात. बेरीज चुकली तर केसिंग चुकीच्या खोलीवर थांबतं.

शेवटी आट्यांना ग्रीस लावून टोपणं घट्ट बसवतात, आणि पाईप उतरवण्याच्या क्रमाचा विचार करून सप्लाय जहाजावर चढवतात.

हे रिगवरच का करत नाहीत?

रिगच्या डेकवर जागा मोजकी असते आणि रिगचं भाडं दिवसावर चालतं. पाईप धुण्या-मोजण्यात गेलेला तिथला प्रत्येक तास महागात पडतो. खराब पाईप तिथे सापडला, तर बदली पाईप पुन्हा किनाऱ्यावरून जहाजाने मागवावा लागतो, आणि पावसाळ्यात समुद्र खवळलेला असेल तर वाट पाहण्यावाचून इलाज नसतो.

अर्थात, किनाऱ्यावर सगळं तपासलं तरी काम संपत नाही. चढ-उतारात पाईप आपटू शकतो. म्हणून विहिरीत सोडण्याआधी रिगवर आटे पुन्हा पाहतात, ड्रिफ्टही पुन्हा घालतात. कारण एकदा सिमेंट बसलं की पाईप बाहेर काढता येत नाही.