गाडी बारा व्होल्टची नसते

चारचाकीत किंवा टेम्पोत एलईडीची पट्टी बसवून देणाऱ्या कुणालाही विचारा, पूर्वपक्ष एका वाक्यात मिळतो: गाडी बारा व्होल्टची, पट्टी बारा व्होल्टची, दोन वायरी जोडा की झालं. त्याला जोडून आणखी दोन समजुती येतात. एलईडी करंट खातच नाही, तेव्हा वायर कुठूनही काढली तरी चालते. आणि चार महिन्यांत पट्टीतले तीन-तीन दिवे मिणमिणत मेले, तर दोष मालाचा. हे बोलणारे लोक अडाणी नाहीत. त्यांच्या हाताखालून शेकडो गाड्यांचं वायरिंग गेलेलं असतं, आणि फिलामेंटच्या बल्बपुरता त्यांचा अनुभव खराच होता. एलईडीला तो लागू पडत नाही, एवढंच मला दाखवायचं आहे. या समजुतीपायी बरा माल बदनाम होतो, आणि कधी कधी गाडीच पेटते.

आधी तो बारा हा आकडाच तपासू. गाडीच्या लेड-ॲसिड बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येकी सुमारे २.१ व्होल्टचे. म्हणजे पूर्ण भरलेली, निवांत पडलेली बॅटरी १२.६ दाखवते. इंजिन सुरू झालं की अल्टरनेटरला त्या बॅटरीत करंट ढकलायचा असतो, म्हणून त्याला तिच्या वर राहावं लागतं: १३.८ ते १४.४, काही गाड्यांत १४.७ सुद्धा. सेल्फ मारताना हाच विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, क्षणभर दहाच्या आसपास कोसळतो. मीटरवर नेमके बारा दिसले, तर ती बॅटरी बरीच उतरलेली आहे असं समजावं. बारा हे या जातीच्या विद्युत-व्यवस्थेचं नाव आहे. दिवे बनवणाऱ्यांनी ते माप म्हणून कधी धरलंच नाही. गाडीच्या फिलामेंट बल्बांची चाचणीदेखील १३ व्होल्टच्या वर घेतली जाते.

मग इतकी वर्षं कुणाचं काही बिघडलं का नाही? कारण टंगस्टनची तार तापली की तिचा रोध वाढतो. दाब वीस टक्के वाढवला तर करंट जेमतेम दहा टक्के वाढतो. बल्ब स्वतःच स्वतःला आवरतो. एलईडीचा स्वभाव याच्या उलट आहे. पांढऱ्या एलईडीला पेटायला साधारण ३ व्होल्ट लागतात, आणि ती पातळी ओलांडली की दाबातल्या किंचित वाढीनेही करंट उसळतो. शिवाय ती जसजशी तापते तसतसा तिला लागणारा दाब उतरतो, म्हणजे त्याच दाबाला ती आणखी करंट ओढते.

आता बाजारात मिळणारी नेहमीची पट्टी घ्या. तीन पांढऱ्या एलईडी एकापुढे एक आणि त्यांच्यासोबत १५० ओहमचा एक रेझिस्टर, अशी तिची साखळी असते. १२ व्होल्टमधले ९ एलईडींनी घेतले, उरलेले ३ रेझिस्टरवर. करंट २० मिलिअँपिअर. इथवर सगळं ठरवल्याप्रमाणे. आता इंजिन सुरू करा: १४.४ मधून ९ गेले, उरले ५.४, आणि करंट ३६ मिलिअँपिअर. एलईडीचा स्वतःचा दाबही थोडा चढतो म्हणून प्रत्यक्षात आकडा याहून काहीसा खाली राहतो, तरी दीडपटीच्या वर जातोच. दाब वाढला वीस टक्के आणि रेझिस्टरमधली उष्णता झाली जवळजवळ तिप्पट. ही पट्टी मे महिन्यात चंद्रपूरच्या उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या टपाला आतून चिकटवलेली आहे असं समजा. तीन-तीन दिवे एकदम का जातात, याचंही उत्तर त्या साखळीत आहे: एक गेली की तिघींचा रस्ता बंद. हलका माल बाजारात नसतो असं मी म्हणत नाही. पण १२ व्होल्टचा म्हणून विकलेला माल १४.४ वर चालवून त्याला हलका ठरवणं हा अन्याय आहे.

‘करंट खातच नाही’ या म्हणण्याचा हिशोब तर अगदी सोपा आहे. मोठ्या चिपच्या पट्टीत मीटरला साठ दिवे असतात आणि ती मीटरला १४.४ वॅट घेते. पाच मीटरचं अख्खं रीळ म्हणजे ७२ वॅट, ६ अँपिअर. हेडलाइटचा हॅलोजन बल्ब ५५-६० वॅटचा असतो! इंजिन बंद ठेवून ते रीळ लावलं तर ४५ अँपिअर-अवरची बॅटरी पावणेचार तासांत अर्धी होईल.

एलईडी करंट खात नाही तर फ्यूज कशाला, हा गैरसमजही यातूनच जन्मतो. फ्यूज दिव्याला वाचवण्यासाठी नसतो, तो वायरीसाठी असतो. पत्र्याच्या कडेवर घासून वायरीचं आवरण गेलं आणि ती बॉडीला टेकली, तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतते. तिथे दिवा किती करंट खातो याला काही अर्थ उरत नाही. म्हणून फ्यूज बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतरातच हवा. दिव्याजवळ लावलेला फ्यूज मधल्या साऱ्या वायरीला उघडं सोडतो.

थोडं वाचलेले लोक यावर ७८१२ नावाचा रेग्युलेटर सुचवतात. त्याला बारा द्यायला आत सुमारे चौदा यावे लागतात. इंजिन बंद असताना ते येत नाहीत, आणि चालू असताना उरलेला दाब तो निव्वळ उष्णतेत घालवतो. हा उपाय नावापुरता आहे.

खरा उपाय म्हणजे दाबाऐवजी करंट बांधून ठेवणं. स्वतः साखळी जोडत असाल तर हिशोब १४.४ वर करा: १५० च्या जागी २७० ओहम येतो, आणि इंजिन बंद असतानाही १२-१३ मिलिअँपिअर मिळतात. मोठ्या दिव्यांना स्थिर करंट देणारा ड्रायव्हरच हवा, आणि तोही गाडीसाठी बनवलेला. अल्टरनेटर चालू असताना बॅटरीची तार सुटली तर दाब क्षणभर बाराच्या कित्येक पट उसळतो; तो झेलायची सोय घरगुती ड्रायव्हरमध्ये नसते. ट्रकच्या २४ व्होल्टवरून गाडी सुरू करून घेण्याची सवय आपल्याकडे आहे, तेव्हाही हीच सोय कामी येते.

तयार पट्टीतले रेझिस्टर बदलत बसणं शक्य नसतं; तिथे दाबच खाली बांधावा लागतो. माझ्या एका मित्राच्या भाजीच्या टेम्पोत दोन पट्ट्या अशाच जळाल्या होत्या. तिसरीच्या आधी आम्ही पुण्यातल्या तपकीर गल्लीतून दाब उतरवणारं एक स्टेप-डाऊन मॉड्यूल आणलं आणि ते ११ व्होल्टवर बांधलं. हिशोबाने करंट २० वरून तेरा-चौदा मिलिअँपिअरवर आला. पहाटे मार्केट यार्डात त्याने मागचं दार उघडलं, आणि उजेड कमी झालाय का असं मी विचारल्यावर तो टोमॅटोचे क्रेट मोजता मोजता म्हणाला, ‘कुठे काय, तेवढाच तर आहे.’