अथेन्सचा नाणेपारखी

अथेन्सच्या चांदीच्या नाण्यांचा विषय निघाला की लॉरिओनच्या खाणी आणि थेमिस्टोक्लीसचं आरमार हे येतंच. इ.स.पू. 483 च्या सुमारास तिथे चांदीचं घबाड लागलं, त्यातून युद्धनौका बांधल्या, हे आपण मागे पाहिलं. एका बाजूला अथेना, दुसऱ्या बाजूला घुबड, वजन साधारण 17.2 ग्रॅम, असं हे चार द्राख्मांचं नाणं. (आपला 'दाम' हा शब्द याच द्राख्माचा, 'द्रम्म' होऊन आलेला.) आपल्याकडे घुबड अशुभ, तिथे ते देवीचं पाखरू!

पण आज मला बोलायचंय ते या नाण्यावरचा भरवसा डळमळला त्याबद्दल. इ.स.पू. 413 मध्ये स्पार्टाने डेकेलिआला तळ ठोकला. वीस हजारांहून जास्त गुलाम पळाले, असं थ्युसिडिडीस लिहितो. खाणी ओस पडल्या. मग शहराने काय केलं? तांब्याला चांदीचा मुलामा देऊन नाणी पाडली. इ.स.पू. 405 च्या 'बेडूक' नाटकात अ‍ॅरिस्टोफनीसने त्यावरून टोमणाही मारलाय.

पुढे चांगली चांदी परत आली, पण तोवर बाहेरही घुबडं तयार व्हायला लागली होती. काही अस्सल चांदीची, काहींच्या पोटात तांबं. बाजारात मासळी विकणाऱ्याने ओळखायचं कसं?

इ.स.पू. 375/4 मध्ये निकोफोन नावाच्या माणसाने यावर कायदा मांडला. त्याचा शिलालेख 1970 मध्ये अथेन्सच्या अगोरात, म्हणजे जुन्या बाजारचौकात, सापडला. कायदा असा: सराफांच्या मेजांपाशी एक पारखी बसेल. मराठेशाहीत पोतदार नाणी पारखायचा, तसंच काहीसं काम. फरक एवढाच की हा पारखी सरकारी गुलाम. नाणं परदेशी, पण ठसा अथेन्सचा आणि चांदी खरी, तर ते मालकाला परत. आत तांबं किंवा शिसं निघालं, तर तिथल्या तिथे छेद द्यायचा आणि नाणं देवमातेच्या नावे जमा! पारख्याने पास केलेलं नाणं दुकानदाराने नाकारलं, तर त्या दिवशीचा त्याचा माल जप्त.

आणि पारखी जागेवर बसला नाही, किंवा त्याने कायद्याप्रमाणे तपासलं नाही, तर? पन्नास फटके. आता बघा, अख्ख्या बाजाराचा भरवसा या एका माणसाच्या नजरेवर. त्याने निकाल दिला की स्वतंत्र नागरिकालाही तो मानावा लागे. मला वाटतं, मुद्दाम गुलामच नेमला, कारण नागरिकाच्या पाठीवर असे फटके ओढता येत नव्हते.

पिरेअस बंदरासाठीही दुसरा पारखी हवा होता. सरकारी गुलामांपैकी कुणी मिळाला नाही तर एक विकत घ्यावा, असं कायदा म्हणतो. पगार मात्र त्याला मिळायचा. टांकसाळीतल्या कामगारांचा जिथून निघे, तिथूनच.