लेड झेपलिनचे न झालेले दौरे: बँड का थांबला आणि त्याचा आवाज कसा बदलत गेला?

सप्टेंबर १९८०. लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडच्या अमेरिका-कॅनडा दौऱ्याच्या तारखा ठरल्या होत्या. १७ ऑक्टोबरला मॉन्ट्रियलमध्ये पहिला कार्यक्रम आणि नोव्हेंबरच्या मध्यावर शिकागोत शेवट, असा बेत होता. २४ सप्टेंबरला इंग्लंडमध्ये तालमी सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी ड्रमवादक जॉन बॉनम अंथरुणातच मृतावस्थेत आढळला. तो ३२ वर्षांचा होता. तो दौरा कधीच झाला नाही आणि लवकरच बँडही संपला.

लेड झेपलिनच्या आयुष्यातला रद्द झालेला हा एकमेव दौरा नव्हता. त्याआधी १९७५ आणि १९७७ मध्येही मोठे दौरे मोडले होते. प्रत्येक वेळी त्यामागे घरातलं किंवा शरीरावरचं संकट होतं आणि प्रत्येक वेळी त्यानंतर बँडचा आवाज बदलला. या न झालेल्या दौऱ्यांची गोष्ट समजून घेतली, की हा बँड पुन्हा उभा का राहिला नाही, या प्रश्नाचं उत्तरही सापडतं.

दौरा इतका महत्त्वाचा का होता?

लेड झेपलिनची स्थापना १९६८ मध्ये लंडनमध्ये झाली. गिटारवादक जिमी पेज, गायक रॉबर्ट प्लांट, बेस आणि कीबोर्ड वाजवणारा जॉन पॉल जोन्स आणि ड्रमवर जॉन बॉनम, असे चौघे. बँडचा व्यवस्थापक होता पीटर ग्रँट.

त्या काळात बँड लोकांपर्यंत पोहोचायचे ते एकेका गाण्याच्या छोट्या तबकड्यांमधून आणि टीव्हीवरून. लेड झेपलिनने वेगळी वाट धरली. बँड चालू असेपर्यंत ब्रिटनमध्ये त्यांनी एकही सिंगल काढली नाही. टीव्हीवरही ते क्वचितच दिसले. ऐकायचं तर पूर्ण अल्बम घ्या आणि पाहायचं तर कार्यक्रमाला या, असा त्यांचा हिशेब होता. ग्रँटने आयोजकांशी बोलणी करून तिकीटविक्रीतला ९० टक्क्यांपर्यंत वाटा बँडकडे वळवला. तोवर इतका वाटा कलाकाराच्या पदरात पडत नसे.

म्हणजे दौरा ही अल्बमची जाहिरात नव्हती, तोच बँडचा कणा होता. रेकॉर्डवरचं सहा मिनिटांचं गाणं रंगमंचावर वीस-पंचवीस मिनिटं चालायचं. आपल्याकडे बंदिश ठरलेली असते, पण गायक ती मैफलीत फुलवतो, तसंच काहीसं. त्यामुळे दौरा मोडला की कमाई बुडायचीच, शिवाय गाण्यांची वाढही थांबायची.

सिंगापूरची दारं बंद, मुंबईत रेकॉर्डिंग

१९६९ मध्ये आलेल्या पहिल्या दोन अल्बममध्ये अमेरिकी ब्लूज संगीताचा भारदस्त, कर्कश अवतार होता. १९७० च्या तिसऱ्या अल्बममध्ये मात्र अकूस्टिक गिटार आणि लोकसंगीताचा सूर पुढे आला. त्यातली अनेक गाणी वेल्समधल्या वीज नसलेल्या एका घरात सुचली होती. जोरकस रॉकची अपेक्षा करणारे काही समीक्षक त्यावर नाराज झाले. एकाच आवाजात अडकून राहायचं नाही, ही बँडची वृत्ती तेव्हापासूनच दिसते.

१९७२ मध्ये बँड ऑस्ट्रेलियाकडे निघाला तेव्हा वाटेत सिंगापूरला कार्यक्रम ठरला होता. सिंगापूर सरकारची त्या काळी लांब केसांच्या पुरुषांविरुद्ध मोहीम सुरू होती. बँडला देशात प्रवेशच मिळाला नाही आणि तो कार्यक्रम रद्द झाला.

त्याच वर्षी पेज आणि प्लांट मुंबईत आले. इथल्या एका स्टुडिओत स्थानिक वादकांना सोबत घेऊन त्यांनी ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही आपलीच दोन गाणी नव्याने ध्वनिमुद्रित केली. कुलाब्यातल्या ‘स्लिप डिस्क’ या क्लबमध्येही त्यांनी वाजवलं. तिथल्या मोजक्या श्रोत्यांसाठी ती अचानक मिळालेली मेजवानी होती. पण लेड झेपलिनचा रीतसर कार्यक्रम भारतात कधीच झाला नाही. मुंबईतलं ते ध्वनिमुद्रणही बरीच वर्षं अधिकृतपणे बाहेर आलं नव्हतं. ते २०१५ मध्ये ‘कोडा’ या अल्बमच्या वाढीव आवृत्तीत प्रसिद्ध झालं.

‘काश्मीर’ गाण्याचा काश्मीरशी संबंध काय?

पूर्वेकडच्या संगीताची ही ओढ १९७५ च्या ‘फिजिकल ग्राफिटी’ या दुहेरी अल्बममधल्या ‘काश्मीर’ या गाण्यात सर्वात ठळकपणे दिसते. नावावरून वाटतं तसं हे गाणं काश्मीरमध्ये सुचलेलं नाही. दक्षिण मोरोक्कोच्या ओसाड वाळवंटी भागातून जाणाऱ्या लांबलचक रस्त्यावर प्लांटला त्याचे शब्द सुचले. तोवर चौघांपैकी कुणीही काश्मीर पाहिलं नव्हतं.

गाण्याची गंमत तालात आहे. गिटार आणि वाद्यवृंदाची मुख्य धून तीनच्या हिशेबात फिरते, तर बॉनमचे ड्रम चारच्या हिशेबात चालतात. दोघं आपापल्या वाटेने जातात आणि बारा मात्रांनी पुन्हा एकत्र येतात. तालाची सवय असलेल्या आपल्या कानांना ही लयकारी लगेच कळते. पुढच्या गोष्टीसाठी एक मुद्दा लक्षात ठेवायला हवा. या बँडमध्ये ड्रमवादक केवळ ठेका धरत नव्हता, गाण्याचा सांगाडाच त्याच्या हातात असायचा.

१९७५: अपघात आणि चाकाच्या खुर्चीतला अल्बम

मे १९७५ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्टमध्ये बँडचे पाच कार्यक्रम झाले. तेव्हा ब्रिटनमध्ये मोठ्या कमाईवर ८३ टक्क्यांपर्यंत प्राप्तिकर होता. तो टाळण्यासाठी चौघं देशाबाहेर राहू लागले. ऑगस्टच्या अखेरीस अमेरिकेत ओकलंडपासून नवा दौरा सुरू होणार होता.

४ ऑगस्टला ग्रीसच्या ऱ्होड्स बेटावर प्लांटच्या कुटुंबाच्या गाडीला अपघात झाला. त्याची पत्नी गंभीर जखमी झाली. प्लांटच्या घोट्याला आणि कोपराला जबर दुखापत झाली. तो पुन्हा नीट चालेल की नाही, याचीच शंका होती. दौरा रद्द झाला.

रिकाम्या झालेल्या त्या महिन्यांतून ‘प्रेझेन्स’ हा अल्बम निघाला. म्युनिकमध्ये तो जेमतेम तीन आठवड्यांत ध्वनिमुद्रित झाला. बराचसा वेळ प्लांट चाकाच्या खुर्चीत बसून गात होता. या अल्बममध्ये कीबोर्ड अजिबात नाही, लोकसंगीताचा हळुवारपणाही जवळजवळ नाही. आहेत ते गिटारचे एकावर एक रचलेले थर आणि घाईत असल्यासारखा ताण. मार्च १९७६ मध्ये अल्बम बाजारात आला तेव्हा बँड दौऱ्यावर जाण्याच्या स्थितीत नव्हता.

१९७७: अर्ध्यावर थांबलेला दौरा

एप्रिल १९७७ मध्ये बँड अमेरिकेत परतला. ३० एप्रिलला मिशिगनमधल्या पॉन्टियॅक सिल्व्हरडोममध्ये त्यांना ऐकायला ७६ हजारांहून अधिक लोक आले होते. पण वातावरण बिघडत चाललं होतं. जुलैमध्ये ओकलंडला बँडच्या बाजूच्या माणसांनी आयोजकाच्या कर्मचाऱ्यांना मारहाण केली आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं.

तीनच दिवसांनी, २६ जुलैला, इंग्लंडहून फोन आला. प्लांटचा पाच वर्षांचा मुलगा विषाणू संसर्गाने दगावला होता. प्लांट तातडीने घरी परतला आणि उरलेले सगळे कार्यक्रम रद्द झाले. त्यानंतर लेड झेपलिनने अमेरिकेत पाऊल ठेवलं नाही. गाणं सोडून द्यावं, असा विचार प्लांटच्या मनात बराच काळ होता. या काळात बॉनमने दिलेल्या आधारामुळे आपण परत आलो, असं त्याने पुढे सांगितलं आहे.

नवा आवाज कुठून आला?

१९७८ च्या अखेरीस चौघं स्टॉकहोममध्ये ‘अॅबा’ या बँडच्या स्टुडिओत जमले. पेज आणि बॉनम तेव्हा व्यसनांशी झगडत होते. त्यामुळे स्टुडिओत वेळेवर येणारे जोन्स आणि प्लांट यांच्याकडे आपोआप सूत्रं गेली. जोन्सच्या हाताशी यामाहाचा जीएक्स-१ हा अवाढव्य सिंथेसायझर होता.

त्यातून तयार झालेला ‘इन थ्रू द आउट डोअर’ ऑगस्ट १९७९ मध्ये आला. त्यात गिटार मागे सरली आणि कीबोर्ड पुढे आला. एका गाण्यात सांबाचा ठेका होता. ‘ऑल माय लव्ह’ हे प्लांटने मुलाच्या आठवणीत रचलेलं गाणंही यातलंच. या अल्बममधल्या दोन गाण्यांवर रचनाकार म्हणून पेजचं नाव नाही. त्याआधी बँडने स्वतः रचलेल्या गाण्यांत असं झालं नव्हतं. काही चाहत्यांना हा आवाज फारच मऊ वाटला. तरीही ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांत अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला.

१९८० च्या जून-जुलैमध्ये बँडने युरोपचा छोटा दौरा केला. लांबलचक एकल वादनं कापली गेली आणि कार्यक्रम आटोपशीर झाले. सुरुवात व्हायची ती १९६८ मध्ये चौघांनी एकत्र वाजवलेल्या अगदी पहिल्या गाण्याने. न्यूरेंबर्गमध्ये बॉनम कोसळल्यामुळे तीन गाण्यांनंतर कार्यक्रम थांबवावा लागला, पण दौरा पुढे चालू राहिला. ७ जुलैला पश्चिम बर्लिनमध्ये शेवटचा कार्यक्रम झाला. अमेरिकेची तयारी सुरू झाली.

२४ सप्टेंबरच्या तालमीच्या दिवशी बॉनम सकाळपासून व्होडका पीत होता. रात्री तो पेजच्या घरी झोपला आणि झोपेतच उलटीने गुदमरून त्याचा मृत्यू झाला. नव्या आवाजाची खरी परीक्षा अमेरिकेत व्हायची होती, ती झालीच नाही. सिंथेसायझरवर उभं असलेलं ‘कॅरूसेलाम्ब्रा’ हे दहा मिनिटांचं गाणं तर बँडने श्रोत्यांसमोर कधीच वाजवलं नाही.

दुसरा ड्रमवादक का घेतला नाही?

तेव्हा हा प्रश्न साहजिक होता. ‘द हू’ या बँडचा ड्रमवादक कीथ मून १९७८ मध्ये वारला. त्यांनी त्याच्या जागी दुसरा घेतला. ‘एसी/डीसी’चा गायक बॉन स्कॉट फेब्रुवारी १९८० मध्ये वारला. त्यांनी नवा गायक घेऊन त्याच वर्षी जुलैमध्ये ‘बॅक इन ब्लॅक’ काढला आणि तो त्यांचा सर्वाधिक खपाचा अल्बम ठरला.

लेड झेपलिनने उलट निर्णय घेतला. ४ डिसेंबर १९८० च्या छोट्या निवेदनात तिघांनी कळवलं, की मित्र गमावल्यानंतर पूर्वीसारखं पुढे जाता येणार नाही. यामागे भावना होती, तसंच संगीतातलं कारणही होतं. चौघांनी मिळून घडवलेल्या आवाजातला एक काढला, तर उरतो तो त्याच नावाचा दुसराच बँड.

मग २००७ चं काय?

तिघं अधूनमधून एकत्र आले. १९८५ मध्ये ‘लाइव्ह एड’मधलं त्यांचं वादन विस्कळीत झालं. १९९४ मध्ये पेज आणि प्लांटने इजिप्शियन वादक आणि भारतीय वंशाची ब्रिटिश गायिका नजमा अख्तर यांच्यासोबत जुन्या गाण्यांना नवं रूप दिलं. जोन्सला मात्र त्यांनी बोलावलं नाही.

१० डिसेंबर २००७ ला लंडनच्या ओटू अरीनात तिघांनी पूर्ण कार्यक्रम केला. निमित्त होतं अटलांटिक रेकॉर्ड्सचे संस्थापक अहमेट एर्टेगन यांच्या स्मृतीचं. ड्रमवर होता बॉनमचा मुलगा जेसन. तिकिटांसाठी इंटरनेटवर सुमारे दोन कोटी विनंत्या आल्या. वयानुसार प्लांटने काही गाणी खालच्या पट्टीत घेतली. एकूण १६ गाणी झाली. त्यात ‘प्रेझेन्स’मधलं ‘फॉर युअर लाइफ’ होतं. दौरा मोडल्यामुळे जन्मलेल्या अल्बममधलं ते गाणं ३१ वर्षांनी पहिल्यांदाच पूर्णपणे रंगमंचावर आलं. सिंथेसायझरच्या काळातलं मात्र एकही गाणं नव्हतं.

यानंतर जगभरचा दौरा होणार, असं जवळजवळ सगळ्यांनी धरून चाललं होतं. पेज, जोन्स आणि जेसन यांची तयारी होती. प्लांटने नकार दिला. अॅलिसन क्राउस या गायिकेसोबतच्या ‘रेझिंग सँड’ या शांत, अमेरिकी लोकसंगीताच्या वळणाच्या अल्बममध्ये तो रमला होता. त्या अल्बमला २००९ मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. इतर तिघांनी दुसरे गायक आजमावले, पण २००९ च्या सुरुवातीला तोही विषय मिटला.

प्लांटच्या नकारावर आजही चाहत्यांमध्ये वाद होतो. काहींना तो हट्ट वाटतो. पण १९८० मध्ये तिघांनी मिळून घेतलेला निर्णयच २००८ मध्ये त्याने एकट्याने पुन्हा घेतला, असंही म्हणता येईल. तिसऱ्या अल्बमपासून हा बँड जुना आवाज मागे टाकत आला होता. दौरा झाला असता, तर जुनी गाणी जुन्या रूपात वाजवत शहरामागून शहर फिरणं हेच काम उरलं असतं. त्याला पैसा कमी पडला नसता. फक्त पुढचा आवाज कोणता, हा प्रश्न विचारणारे चौघं आता एकत्र नव्हते.