अक्षरें वगळलेली शाळा

ज्याचें आयुष्य फळ्यापुढें खडू झिजविण्यांत गेलें, त्याला अक्षरांविषयीं ममता वाटणें साहजिक आहे. त्यामुळें मुलांच्या शिक्षणासाठीं निघालेल्या एका कार्यक्रमानें अक्षरेंच बुद्ध्या वगळलीं, हें मीं प्रथम वाचलें तेव्हां मला थोडा रागच आला. पुढें सर्व हकीकत समजली आणि राग मावळला. तीच हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

युरोपच्या आग्नेय भागांत कोसोव्हो नांवाचा लहानसा प्रदेश आहे. तेथील बहुसंख्य लोक अल्बानियन भाषा बोलणारे व बहुतांशीं मुसलमान. अल्पसंख्य सर्ब लोक सर्बियन भाषा बोलणारे व ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती. भाषा व धर्म तर भिन्न आहेतच, पण लिपीचीही दुही आहे. वूक काराजिच ह्या पंडितानें १८१८ सालच्या आपल्या कोशांत, एका ध्वनीला एक अक्षर ह्या तत्त्वावर, सर्बियन भाषेची सिरिलिक लिपि सुधारून दिली. अल्बानियन भाषा पूर्वीं अरबी, ग्रीक, रोमन अशा निरनिराळ्या लिप्यांत लिहिली जाई. १९०८ सालीं मोनास्तिर येथें भरलेल्या परिषदेनें रोमन अक्षरांचा पक्ष घेतला. दोन्ही कार्यें विद्येचीं व लोकहिताचीं होतीं. परंतु लिपि ही पुढें निशाणाप्रमाणें होऊन बसते. आपल्याकडे गोव्यांत कोंकणी देवनागरींत लिहावी कीं रोमींत, हा वाद पुष्कळ वर्षें चालला, हें आपण जाणतांच. कोसोव्होंत मात्र प्रकरण वादावर थांबलें नाहीं.

१९८९ सालीं ह्या प्रदेशाची स्वायत्तता संपुष्टांत आणण्यांत आली. सर्बियन अभ्यासक्रम न स्वीकारणारे अल्बानियन शिक्षक नोकरीस मुकले, आणि त्यांचीं मुलें खाजगी घरांतून भरणाऱ्या शाळांत शिकूं लागलीं. १९९८-९९ च्या युद्धांत दहा हजारांहून अधिक माणसें मेलीं व लाखों अल्बानियन निर्वासित झाले. जून १९९९ मध्यें सर्बियन सैन्य मागें फिरलें. मग सूडाच्या भयानें पुष्कळ सर्ब कुटुंबांना घरें सोडावीं लागलीं. कारभार संयुक्त राष्ट्रसंघाकडे गेला. मित्रोव्हित्सा शहरांत इबार नदीच्या उत्तरेस सर्ब व दक्षिणेस अल्बानियन, अशी फाळणीच झाली. मार्च २००४ मध्यें पुन्हां दंगली उसळून १९ माणसें प्राणांस मुकलीं.

त्याच २००४ सालीं तेथील बालकांकरितां दूरचित्रवाणीवर बाहुल्यांचा एक कार्यक्रम सुरू झाला. त्याचें अल्बानियन नांव ‘रुगा सेसाम’ व सर्बियन नांव ‘उलित्सा सेझाम’. १९६९ सालीं अमेरिकेंत सुरू झालेल्या ‘सेसमी स्ट्रीट’ ह्या विख्यात कार्यक्रमाचीं हीं अपत्यें होत; आपल्याकडे २००६ सालीं आलेला ‘गल्ली गल्ली सिम सिम’ हा त्यांचाच भाऊबंद. मूळ कार्यक्रमाची कीर्ति मुलांना हसतखेळत अक्षरें व अंक शिकविण्याबद्दल. पण कोसोव्होंत अक्षरेंच आडवीं आलीं. पडद्यावर सिरिलिक अक्षर दिसलें तर अल्बानियन आईबाप मुलांना कार्यक्रम पाहूं देणार नाहींत, आणि रोमन दिसलें तर सर्ब आईबाप पाहूं देणार नाहींत, असा पेंच पडला.

तो सोडविण्यासाठीं कर्त्यांनीं चित्रकोशाची युक्ति काढली. पडद्यावर वस्तु दाखवावयाची. तिचें नांव लिहावयाचें नाहीं, तर निरनिराळ्या समाजांतील मुलांनीं तें आपापल्या भाषेंत उच्चारावयाचें. परदेशांतील बाहुल्यांचे खेळ दोन्ही भाषांत उतरविले, आणि त्यांच्या जोडीस कोसोव्होंतील खऱ्या मुलांचीं, त्यांच्या घरांचीं, खेळांचीं व सणांचीं चित्रणें दाखविलीं. बाहुलीची योजनाही मोठी समर्पक. निळ्या केसाळ बाहुल्याला कोणी सर्ब म्हणत नाहीं कीं अल्बानियन म्हणत नाहीं. जी भाषा त्याच्या तोंडीं घालावी ती त्याची होते.

ह्या युक्तीचें मर्म एका शब्दावरून ध्यानांत येईल. साखरेस अल्बानियन मूल जें म्हणतें आणि सर्ब मूल जें म्हणतें, तें आपल्या कानाला जवळजवळ एकच, ‘शेचेर’ असें, ऐकूं येतें. आपल्या ‘शर्करा’ शब्दानेंच फारसी व तुर्की भाषांतून प्रवास करीत तेथवर मजल मारली. पण हाच शब्द दोन लिप्यांत शेजारीं लिहून दाखवा, म्हणजे दोन्ही मुलें एकमेकांस परकीं होतात. डोळ्यांना जी भिंत दिसते, ती कानाला लागत नाहीं.

ह्या यशाची मर्यादाही सांगितली पाहिजे. कार्यक्रम एक नव्हता, दोन होते. दोन्ही समाजांचीं मुलें आपापल्या घरांत बसूनच तो पाहत. पाहणाऱ्या मुलांच्या मनांत परक्या समाजाविषयीं अधिक मोकळेपणा आला, असें पाहणी करणाऱ्यांस आढळलें. पण मोठ्यांचे तंटे त्यानें मिटले नाहींत. २००८ सालीं कोसोव्होनें स्वातंत्र्य जाहीर केलें, तें सर्बियानें मान्य केलें नाहीं. पांच वर्षांच्या मुलानें पडद्यावर मित्र पाहावा आणि रस्त्यावर त्याला तो भेटूंच नये, अशी व्यवस्था मोठ्यांनीं ठेवली, तर बाहुल्यांनीं तरी काय करावें?

तरीसुद्धां माझा राग मावळला तो ह्यामुळें, कीं त्या मंडळींनीं अक्षराचा अवमान केला नाहीं. अक्षराच्या आधीं शेजारी शिकविला. शाळेंतही मूल प्रथम ऐकतें, बोलतें, आणि मगच पाटीवर गिरवूं लागतें. हा क्रम मोडून लिपीलाच आम्हीं निशाण केलें, हा दोष अक्षरांचा नव्हे, आम्हां मोठ्यांचा.

श्रोतेहो, आतां माझे जे शब्द आपण ऐकलेत, तेही कोणत्याच लिपींत आपणांपर्यंत आले नाहींत. आपण मात्र ते समजून घेतलेत.