निळी मुले आणि परिचारिकेचे ज्ञान

मंडळी, गेल्या वेळी आपण कारागिराच्या ज्ञानाबद्दल बोललो. आज तोच धागा धरून रुग्णालयात जायचे आहे. लहान मुलांच्या हृदयावरील शस्त्रक्रियांचा इतिहास बहुधा शल्यविशारदांच्या नावांनी सांगितला जातो. आपण तो खाटेच्या बाजूने, म्हणजे परिचारिकेच्या बाजूने सांगून पाहू. तुम्ही तत्त्वज्ञानवाले, वैद्यकात तुमचा काय अधिकार, असे कोणी विचारील. पण कोणाला काय माहीत होते आणि ते कसे माहीत झाले, हा प्रश्न तर आमचाच आहे, नाही का?

सुरुवात बॉस्टनपासून करू. 26 ऑगस्ट 1938. तिथल्या मुलांच्या रुग्णालयात रॉबर्ट ग्रॉस या तरुण शल्यविशारदाने एका सात वर्षांच्या मुलीच्या हृदयालगतची एक रक्तवाहिनी बांधून टाकली. ही वाहिनी गर्भात सर्वांनाच असते आणि जन्मानंतर आपोआप मिटते. हिची मिटली नव्हती. ग्रॉसचे वरिष्ठ तेव्हा सुट्टीवर होते, त्यांच्या माघारी त्याने हे धाडस केले, ही गोष्ट सगळे चवीने सांगतात. मुलीला भूल कोणी दिली, हे फार थोडे सांगतात. ती दिली बेटी लँक या परिचारिकेने. छाती उघडलेली असताना त्या जिवाचा श्वास सांभाळण्याचे काम तिच्याकडे होते.

आता बाल्टिमोरला येऊ, जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात. इथे हेलन टॉसिग या बालहृदयतज्ज्ञ 'निळ्या' मुलांवर उपचार करीत. यातल्या अनेकांना फॅलोचा विकार असे. फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद आणि हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक. त्यामुळे प्राणवायू न मिळालेले रक्त तसेच अंगभर फिरते. ओठ, जीभ, नखे निळी पडतात. ही मुले चार पावले चालली की मध्येच उकिडवी बसत. त्यांना हे कोणी शिकवलेले नव्हते. गुडघे पोटाशी घेतले की पायांतल्या रक्तवाहिन्या दबतात, शरीराकडे जाणाऱ्या रक्ताला अडथळा वाढतो आणि थोडे जास्त रक्त फुप्फुसाकडे वळते. मूल स्वतःचा उपचार स्वतःच करीत होते. मोठ्यांचे काम ते ओळखण्याचे होते. टॉसिगबाईंना ऐकू कमी येऊ लागले होते, म्हणून त्या मुलाच्या छातीवर बोटे ठेवून हृदयाची स्पंदने जाणून घेत.

29 नोव्हेंबर 1944 रोजी अल्फ्रेड ब्लेलॉक यांनी आयलीन नावाच्या पंधरा महिन्यांच्या मुलीवर शस्त्रक्रिया केली. वजन जेमतेम चार-साडेचार किलो. हाताकडे जाणारी रोहिणी फुप्फुसाच्या रोहिणीला जोडायची, म्हणजे फुप्फुसाला नवी वाट मिळते. ब्लेलॉक यांच्या मागे स्टुलावर उभे राहून सूचना देत होते व्हिव्हियन थॉमस. हे कृष्णवर्णीय प्रयोगशाळा-साहाय्यक. कुत्र्यांवर हे तंत्र त्यांनीच घोटून बसवले होते. अवजारे हातात देत होत्या परिचारिका शार्लट मिचेल.

शस्त्रक्रिया झाली. पण मूल घरी जायला जवळजवळ दोन महिने लागले, आणि आमच्या दृष्टीने खरा इतिहास त्या दोन महिन्यांत आहे. आजच्यासारखा अतिदक्षता विभाग तेव्हा नव्हता. बोटाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू दाखवणारे यंत्र ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याच्या संशोधनातून 1970च्या दशकात आले. तोवर यंत्र म्हणजे परिचारिकेचे डोळे. प्राणवायूच्या तंबूत निजलेल्या मुलाचे ओठ मघापेक्षा गडद झाले का? नाडी? श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते का? शिवाय पाणी. प्राणवायूची तूट भरून काढायला या मुलांच्या रक्तात तांबड्या पेशी वाढतात, रक्त दाट होते. पाणी कमी पडले तर मेंदूत गुठळी होण्याचा धोका. म्हणून घोट-घोट मोजून पाजायचे आणि लिहून ठेवायचे.

आता गंमत बघा. फॅलोच्या मुलाला रडण्यानेसुद्धा झटका येऊ शकतो. रडता रडता ते जास्त निळे होते, कधी बेशुद्ध पडते. तेव्हा त्याला उचलून, गुडघे छातीशी दुमडून, शांत करणे हा शब्दशः उपचार आहे. आपण मात्र पिढ्यान्‌पिढ्या हिशेब असा मांडला, की डॉक्टर उपचार करतो आणि सिस्टर माया लावते! या मुलांच्या बाबतीत ही फाळणी टिकतच नाही. आणि त्याच काळात इंग्लंड-अमेरिकेतल्या रुग्णालयांत आईबापांना भेटीची वेळ मोजून मिळे, का तर आई आली की मूल रडते! जेम्स रॉबर्टसन यांनी 1952 साली रुग्णालयात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर चित्रपट काढला, तेव्हा डॉक्टर-परिचारिका दोघेही चिडले. हेही सांगितले पाहिजे, सगळे शहाणपण परिचारिकांकडेच होते असे नाही. भेटीवरची बंधने काढा, असे ब्रिटनमधल्या प्लॅट समितीने 1959 मध्ये सांगितले.

आयलीन पुढे काही महिन्यांनी पुन्हा निळी पडू लागली आणि वाचली नाही. पण 1945 च्या मे महिन्यात शोधनिबंध आला आणि दूरदूरहून निळी मुले बाल्टिमोरला येऊ लागली. निबंधावर नावे दोनच, ब्लेलॉक आणि टॉसिग. थॉमस यांना विद्यापीठाची मानद पदवी मिळायला 1976 साल उजाडले. परिचारिकांची नावे तर शोधावीच लागतात.

असे का होते? भर्तृहरीने वाक्यपदीयात रत्नपारख्याचे उदाहरण दिले आहे. रत्न खरे की खोटे हे त्याला अभ्यासाने, म्हणजे पुन्हा पुन्हा पाहून कळते. ते अनुमान नसते आणि दुसऱ्याला शब्दांत सांगताही येत नाही. परिचारिकेचे 'आज हे मूल बरे दिसत नाही' हे याच जातीचे ज्ञान. पण भर्तृहरीचा दुसरा भाग आम्हाला इथे पुरता पटत नाही. सांगता येत नाही असे म्हणून आपण फार लवकर मोकळे होतो. नाइटिंगेलबाईंनी 1859 च्या आपल्या पुस्तकात रुग्णाचे निरीक्षण कसे करावे यावर अख्खे प्रकरण लिहिले. हॉपकिन्समधल्या ऑलिव्ह बर्गर या भूल देणाऱ्या परिचारिकेने शेकडो निळ्या मुलांना भूल दिली आणि तो अनुभव 1948 मध्ये आपल्या व्यवसायाच्या नियतकालिकात लिहून काढला. सांगता येत होते, सांगितलेही गेले. ते वाचणारे कमी होते.

हे सगळे परदेशातले झाले, असे वाटेल. पण फेब्रुवारी 2013 मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आपल्या पालघरमधून सुरू झाला. अंगणवाडीत आणि शाळेत जाऊन मुले तपासायची, त्यात जन्मजात हृदयविकारही शोधायचा. पथकात आयुष डॉक्टर, औषधनिर्माता आणि एक नर्सबाई. सावळ्या कातडीवर निळेपणा पटकन दिसत नाही. जीभ बाहेर काढायला लावून उजेडात पाहावी लागते, नखे पाहावी लागतात. आणि आईला विचारावे लागते, खेळता खेळता पोर मध्येच उकिडवे बसते का?