सात नवं त्रेसष्ट : मुलांच्या पडद्यावर राखण कुणाची?

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. माझ्या ताईचं सासर मंगरुळपीर तालुक्यात. सोयाबीनची सोंगणी सुरू होती, म्हणजे घरात दिवसभर दोघंच: आजी आणि नऊ वर्षांचा भाचा. आणि तिसरा, ताईचा मोबाइल. भाच्याने कुठलेतरी भुताचे व्हिडिओ पाहिले होते आणि आठ दिवस तो रात्री एकटा अंगणातसुद्धा जात नव्हता. ताईने त्याला एक फटका दिला आणि नंतर स्वतःच रडत बसली. मला म्हणाली, "तू येवढी शिकली, मोबाइलले एक कुलूप लावून दे न!"

मी एम.एस्सी. फिजिक्सची. मला वाटलं, दहा मिनिटांचं काम आहे. मुलांसाठीचं यूट्यूब किड्स टाकलं, वयोगट निवडला, सर्च बंद केलं. पालकांच्या सेटिंगमध्ये जाताना अ‍ॅप खात्री करून घेतं की समोर मोठं माणूसच आहे. त्यासाठी ते एक गुणाकार विचारतं. मी वाचेपर्यंत मागून आवाज आला, "सात नवं त्रेसष्ट. टाक न मावशी!"

जिल्हा परिषदेच्या शाळेत पाढे पाठ केलेल्या पोरासाठी हे कुलूप नव्हतंच. मी हसले, मग चार आकडी पासकोड घातला. पंधरा दिवसांनी ताईचा फोन आला: पोरगं पुन्हा तेच बघतंय. कसं? तर शेजारीच असलेल्या नेहमीच्या यूट्यूबवरून. ते काढून टाकता येत नव्हतं, कारण त्यावर आजीचं कीर्तन आणि भाऊजींचे फवारणीचे व्हिडिओ होते.

माझं संशोधन घरात वापरल्या जाणाऱ्या तंत्रज्ञानाच्या सामाजिक इतिहासावर आहे. या फसलेल्या कुलपाने मला जो प्रश्न दिला, तो आज तुमच्यासमोर मांडते. तुमच्यापैकी बरेच जण पेटची तयारी करताय किंवा सिनॉप्सिस लिहिताय. एखाद्या साध्या घरगुती अडचणीतून संशोधनाचा प्रश्न कसा निघतो, तेही यात दिसेल.

आधी राखण दारावर होती

मुलांनी काय बघावं ही चिंता मोबाइलच्या कितीतरी आधीची आहे. १९१८ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायदा आला आणि १९२० मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून इथे सेन्सॉर बोर्डं सुरू झाली. १९२७ मध्ये टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने सिनेमाची चौकशी समिती नेमली. तिच्यासमोर साक्ष देणाऱ्यांत दादासाहेब फाळकेही होते. त्या साक्षींचे जाड खंड उपलब्ध आहेत. करमणुकीच्या इतिहासावर काम करायचं असेल तर ते जरूर चाळा.

मुलांच्या दृष्टीने मोठा बदल झाला तो १९४९ मध्ये. त्या वर्षीच्या दुरुस्तीने प्रमाणपत्राचे दोन प्रकार झाले: सर्वांसाठी 'यू' आणि फक्त प्रौढांसाठी 'ए'. १९५२च्या कायद्याने हीच पद्धत पुढे चालवली. १९८३ मध्ये मधला 'यूए' आला, आणि २०२३च्या दुरुस्तीने त्याचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले.

इथे एक गोष्ट वहीत लिहून ठेवा. 'ए' चित्रपटाला अल्पवयीन मूल आत सोडलं तर कायद्याने गुन्हेगार कोण? टॉकीज चालवणारा. आईबाप नाही. राखण करणारा माणूस ठरलेला होता, दारावर उभा होता आणि त्या कामाचा त्याला पगार मिळत होता. तो नेहमी प्रामाणिक होता असं मी म्हणत नाही. ओठावर मिसरूड फुटलेली पोरं आत जायचीच. पण चूक झाली तर जबाब कुणाला विचारायचा, हे स्पष्ट होतं.

मग ती वाड्यात आली

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. आपल्याकडच्या खेड्यांत टीव्ही पोचायला मात्र ऐंशीचं दशक उजाडलं. १९८७-८८ मध्ये 'रामायण' लागायचं तेव्हा गावात मोजके संच. एका घरात अख्खी गल्ली बसायची. पडदा एक, वाहिनी एक, आणि मुलाच्या मागे दहा मोठी माणसं. वेगळ्या कुलपाची गरजच नव्हती. नको ते दृश्य आलं की कुणीतरी खाकरायचं, कुणीतरी पाणी आणायला पाठवायचं. पुढे विदर्भात भारनियमनाने ही वेळमर्यादा आणखी कडक केली! आज अ‍ॅपमध्ये जो टायमर आपण लावतो, तो तेव्हा फीडरवरून लागायचा.

वाशिमवर काम करणाऱ्यांसाठी एक सूचना. १९०५ पर्यंत बासीम हा वऱ्हाडातला स्वतंत्र जिल्हा होता. मग तो अकोल्यात विलीन झाला आणि १ जुलै १९९८ रोजी वाशिम पुन्हा वेगळा जिल्हा झाला. म्हणजे टॉकीजचे परवाने किंवा करमणूक कराच्या नोंदी अशा मधल्या काळातल्या कागदांचा शोध अकोल्यापासून सुरू करावा लागतो. 'वाशिम' या नावाखाली काही सापडलं नाही म्हणून 'माहिती उपलब्ध नाही' असं लिहून मोकळे होऊ नका.

केबलच्या तारेवरचं भांडण

नव्वदच्या दशकात केबल आली आणि एका पडद्यावर वाहिन्यांची गर्दी झाली. १९९५ मध्ये केबल टेलिव्हिजनचा कायदा झाला. त्याच्या कार्यक्रम संहितेत एक कलम असं आहे की, जास्तीत जास्त मुलं टीव्ही बघत असतात त्या वेळेत मुलांसाठी अयोग्य कार्यक्रम दाखवू नयेत. वाचायला छान. पण गल्लीतल्या केबलवाल्याने हे पाळायचं कसं?

हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला. सेंट झेवियर्स महाविद्यालयातल्या प्राध्यापिका प्रतिभा नैथानी यांनी जनहित याचिका केली: टॉकीजमध्ये जो चित्रपट मुलाला बघता येत नाही, तो घरच्या टीव्हीवर दिवसाढवळ्या कसा चालतो? डिसेंबर २००५ मध्ये न्यायालयाने असे चित्रपट केबलवर दाखवायला मनाई केली. ऑगस्ट २००६ मध्ये मुंबईत पोलिसांनी केबलचालकांवर कारवाई केली आणि चिडलेल्या चालकांनी चित्रपटांच्या वाहिन्याच बंद ठेवल्या. या खटल्यातही जबाबदारी धरली गेली ती दाखवणाऱ्यावर.

याच सुमाराला जगात दुसरा विचार रुजत होता. अमेरिकेने १९९६च्या दूरसंचार कायद्याने टीव्हीत व्ही-चिप बसवणं सक्तीचं केलं. तेरा इंच आणि त्याहून मोठ्या सगळ्या नव्या संचांत २००० सालापासून ती आली. कार्यक्रमासोबत त्याच्या दर्जाची खूण प्रसारित व्हायची, ती चिप वाचायची आणि पालकाने लावलेल्या मर्यादेपलीकडचं अडवायची. तंत्र साधं, पण त्यामागचा बदल मोठा होता. अवजार द्यायचं कंपनीने, वापरायचं आईबापाने. आपल्याकडे डीटीएचच्या डब्यातला पिन याच वळणाचा.

पडदा तळहातावर

२०१६ हे आपल्या कथेतलं कळीचं वर्ष. सप्टेंबरमध्ये जिओ सुरू झालं आणि डेटा एकदम स्वस्त झाला. दोनच महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये, यूट्यूब किड्स भारतात आलं. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि ज्या फोनला 'हात लावू नको' म्हणायचो, तोच वर्ग झाला, तोच फळा झाला. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूब शॉर्ट्सची चाचणी जगात सगळ्यात आधी भारतात सुरू झाली. आता पुढचा व्हिडिओ निवडायचं कामही मुलाकडे उरलं नाही. अंगठा सरकवला की पुढचा हजर.

कायदा मागोमाग आला. फेब्रुवारी २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी ओटीटीवरच्या मालिका-चित्रपटांना वयानुसार दर्जा आणि १३+ पासून पुढे पालक-कुलूप सक्तीचं केलं. पण हे नियम नीट वाचा. ही सक्ती निवडून, तयार करून कार्यक्रम दाखवणाऱ्या सेवांवर आहे. कुणीही टाकलेल्या व्हिडिओंचे मंच तिच्यात येत नाहीत. भाच्याने पाहिलेली भुतं त्याच बाजूची. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या सगळ्यांना मूल मानलं आणि त्यांची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक केली. म्हणजे पुन्हा पालकच.

आता हे सगळं ताईच्या ओसरीवर आणून बघा. फॅमिली लिंकला मुलाचं स्वतःचं खातं हवं, आणि खरं तर त्याचा स्वतःचा फोनही हवा. आमच्याकडे फोन एक, खातं ताईचं, वापरणारे चौघं. रिस्ट्रिक्टेड मोड लावला तर तो मुलालाही दोन बोटांत काढता येतो. स्वस्त फोनवर मुलासाठी वेगळा युजर करायची सोय अनेकदा नसते. शिवाय आजीला ओटीपी वाचून दाखवणारा, सेटिंग बदलून देणारा घरातला माणूस कोण? तर हाच नऊ वर्षांचा पोरगा. या अवजारांनी गृहीत धरलेला पालक म्हणजे फोनमधलं मुलापेक्षा जास्त कळणारा, दुपारी घरी असणारा आणि मुलाला वेगळा फोन देणारा माणूस. ताई दुपारी शेतात असते.

भोंगा आणि ठराव

महाराष्ट्रातल्या दोन गावांनी वेगळी वाट धरली. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावमध्ये १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला. सरपंच विजय मोहिते यांची ही कल्पना. भोंगा वाजला की घराघरांत टीव्ही आणि मोबाइल बंद, साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत. मोठ्यांनीही बंद ठेवायचे. सुरुवातीला शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि आशा ताई घरोघर फिरल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, पुसद तालुक्यातल्या बांशी ग्रामपंचायतीने १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला.

दोन्हींकडे 'गाव शहाणं झालं' म्हणून बघू नका, आणि 'मागासलेपणा' म्हणूनही नाही. सरसकट बंदीत मुलाचं शिकणं, मुलींचं बाहेरच्या जगाशी जोडलेलं असणं यांचं काय होतं, हे विचारायलाच हवं. भोंगा दीड तासाचा आहे, दुपारचा नाही. पण इतिहासाच्या अंगाने पाहिलं तर दोन्ही गावांनी एकच केलं: एकट्या आईच्या गळ्यात पडलेली राखण पुन्हा सगळ्यांत वाटून घेतली.

प्रश्न कसा बदलला

माझ्या वहीतलं पहिलं वाक्य होतं, 'ग्रामीण पालक पॅरेंटल कंट्रोल का वापरत नाहीत?' यावर प्रश्नावली करून, टक्केवारी काढून शोधनिबंध सहज झाला असता. निष्कर्षही ठरलेला होता: जागरूकतेचा अभाव. पण हा प्रश्न विचारतानाच मी दोष ताईच्या पदरात टाकून बसले होते. इतिहास चाळल्यावर प्रश्न असा झाला: 'मुलांच्या पाहण्यावर राखण ठेवण्याचं काम टॉकीजवाल्याकडून आणि केबलवाल्याकडून पालकाकडे कधी आणि कसं आलं, आणि ते सोपवताना पालकाच्या हातात काय दिलं?' या प्रश्नाला तारखा आहेत, कायदे आहेत, अवजारं आहेत. तो तपासता येतो, आणि चुकीचाही ठरू शकतो.

म्हणून सिनॉप्सिसमध्ये 'जागरूकतेचा अभाव' असं लिहायच्या आधी एकदा थांबा. ज्या वस्तूबद्दल लिहिताय ती त्या घरात बसून, त्यांच्याच फोनवर स्वतः वापरून बघा. वस्तू कुणाला डोळ्यांसमोर ठेवून बनवली आहे, ते तिथे कळतं.

ताईच्या फोनचं शेवटी काय केलं? यूट्यूब किड्समध्ये 'स्वतः मंजूर करा' हा पर्याय घेतला आणि मी, ताई आणि भाचा अशा तिघांनी बसून वाहिन्या निवडल्या. नेहमीच्या यूट्यूबला फोनमधलंच अ‍ॅप-लॉक लावलं. त्याचा आकडा ताई आणि आजी या दोघींनाच माहीत. आजीला आकडे वाचता येतात, पण तिने तो लिहून ठेवायला ठाम नकार दिला. सोंगणीच्या दिवसांत भाच्याने दुपारी शेजारच्या काकूंकडे बसायचं, असंही ठरलं. भाचा म्हणतो, "आजीले पटवतो मी." पटवेलही. तेव्हा पुन्हा बसू.